सवय नसलेलं पाणी

आईला अंगणापर्यंत चालवेना, म्हणून मालेगावच्या घरात आतच न्हाणी बांधायला काढली आणि हा वऱ्हाडी ठेकेदार नशिबी आला. गळ्यात सोन्याचा गोफ, खिशाला तीन पेनं. टेप मात्र कधी दिसला नाही. फरशीचा ढाळ बघायचा तर एक डोळा मिटून, मान वाकडी करून उभा राहायचा. "मोजून तरी घ्या," म्हटलं की हसायचा.

"गुरुजी, माप लागते शिकाऊ मिस्तरीले. मले माहा डोया पुरते."

फरशी बसली. मी बादलीभर पाणी ओतलं. ते मोरीकडे पाठ फिरवून थेट स्वयंपाकघरात, आईच्या पाटाखाली गेलं. त्याने शांतपणे पाहिलं.

"नवी फरशी हाये गुरुजी. पान्याले सवय होऊ द्या."

वर्ष झालं, आम्ही वायपरने पाणी लोटतोय. परवा तो नवं गिऱ्हाईक घेऊन न्हाणी दाखवायला आला. गिऱ्हाईक बाहेर चपला काढत होतं, तेवढ्यात याने आत पाय धुतले. पाणी स्वयंपाकघराकडे निघालं. न बघताच, सवयीने त्याचा हात दारामागे गेला, वायपर निघाला, पाणी मोरीत गेलं.

"या, पाहा! थेंब तरी हाये काय?"

काम संपल्यापासून तो आमच्याकडे पहिल्यांदाच येत होता. वायपर कुठे असतो, हे त्याला कुणीही सांगितलं नव्हतं.