पोशीरच्या फळीवर ताईचे डबे

ताई फोनवर "मजेत आहे गं" म्हणाली की मला घोर लागतो. इतकं मजेत कुणी नसतं, निदान आमच्या घराण्यात तरी. भावजी गेल्यावर तिने मोहोपाड्याची कंपनीची कॉलनी सोडली आणि पोशीरला दोन खोल्या घेतल्या. एकटी बाई, अनोळखी गाव. तिला पुण्याला घेऊनच यायचं ठरवून शनिवारी सकाळी मी गाडी काढली.

जाणार असाल तर खालापूरला द्रुतगती मार्ग सोडा. चौकवरून कर्जत, पुढे नेरळ, मग पोशीर. ट्रेनने आलात तर नेरळ स्टेशनाबाहेर शेअर रिक्षा मिळते. दर आधी विचारून घ्या, मी नेहमी घेते. कर्जतला वीस रुपयांत वडापाव खाल्ला. वडा इतका गरम होता की शिळा असल्याची शंका घ्यायला जागाच उरली नाही.

ताईचं दार सताड उघडं. मी टेकते न टेकते तोच एक बाई न विचारता थेट स्वयंपाकघरात शिरली.

"काय काम होतं?" मी विचारलं.

"काम काय नाय," ती हसली. "तुमी ताईंची बहीण ना? मी सुगंधा, शेजारची." आणि ओट्यावरचा एक डबा उचलून निघून गेली.

"अगं, डबा नेला तिने!"

"नेऊ दे गं," ताई म्हणाली.

संध्याकाळी सुगंधाकडे चहाला गेलो. तिच्या फळीवर ताईचे दोन डबे, एक पातेलं आणि आईने लग्नात दिलेली परात. प्रत्येकावर ताईचं नाव कोरलेलं, 'सौ. मंगल'. मी कप तसाच खाली ठेवला.

"लुटताहेत तुला," बाहेर पडल्या पडल्या मी म्हटलं. "उद्या चल माझ्याबरोबर."

घरी येऊन ताईने मांडणीवरची भांडी एकेक करून माझ्या हातात दिली. "वाच." सुगंधा. बेबी. जनाबाई. एका तांब्यावर तर अख्ख्या भजनी मंडळाचं नाव. ताईची स्वतःची जेमतेम चार निघाली.

"भांडं रिकामं परत द्यायचं नाही, म्हणून फिरत राहतात," ती म्हणाली. "पुण्यात माझा डबा कुणाकडे जाईल, सांग."



रविवारी एकटीच परतले. मागच्या सीटवर सुगंधाचा डबा होता, त्यात तांदळाची गोड बोरं, गूळ घालून तळलेली. घरी पोचल्यावर मी आधी माझी मांडणी पाहिली. वीस वर्षांत एक चमचा हरवलेला नाही, सगळ्यांवर माझंच नाव. आजवर याचा अभिमान होता. त्या दिवशी फार एकटं वाटलं.

अर्धी बोरं वाटीत घालून समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. अकरा वर्षांचा शेजार. बाईंनी साखळी न काढता फटीतून विचारलं, "काय काम होतं?"

"काम काही नाही," मी म्हणाले.

त्यांनी वाटीकडे पाहिलं, अगदी मी पाहिलं असतं तसंच. मग साखळी काढून वाटी घेतली एकदाची.

आज गुरुवार. वाटी अजून आलेली नाही. बेल वाजली की मी आता दाराच्या भिंगातून बघत बसत नाही, धावत जाते. आतापर्यंत दोनदा वाजली, दोन्ही वेळा कुरिअरवाला होता.