स्पीड वाढवणार का?

मालाडचा आमचा कॉम्प्युटरवाला महागडा अनलॉक्ड प्रोसेसर मागणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारतो, "स्पीड स्वतः वाढवणार का? नाही ना? मग लॉक्ड घे, गप."

परवा नव्या कॉम्प्युटरसाठी मीही अनलॉक्डच मागितला. "जुन्यातही तोच आहे रे. तूच दिलेलास, झकास चालला!"

त्याने मी सोबत नेलेला जुना कॅबिनेट उघडला, आत टॉर्च मारला.

"या मदरबोर्डावर स्पीड वाढवताच येत नाही. त्या वेळी महागडा गळ्यात मारून मी तुला गंडवलं."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तो गप्प बसला असता तर मी खूश होऊन घरी गेलो असतो.

त्याने लॉक्डचा खोका माझ्यापुढे सरकवला आणि पुढच्याला विचारलं, "स्पीड वाढवणार का?"