म्हातारीचे पाय

आमच्या डोंगरातल्या नदीत एक वाकलेला काळा दगड आहे. त्याला सगळे म्हातारी म्हणतात. म्हातारीचे पाय भिजले, म्हणजे वरचे झरे सुटले, आणि मगच भाताची लावणी करायची, हा गावाचा कायदा. यंदा पाऊस नुसता शिंतडून गेला. वाफ्यातली रोपं पिवळी पडू लागली, आणि नदी म्हातारीपासून चार बोटांवर अडून बसली, मानपान राहिलेल्या जावयासारखी.

काल सकाळी शेजारच्या सगुणाकाकू पाण्यात उतरल्या, ओंजळ भरली आणि म्हातारीच्या पायांवर ओतली.

“काकू, ही फसवणूक झाली!” मी पुलावरून ओरडलो.

“दारी आलेल्याच्या पायांवर पाणी आपणच घालायचं असतं, मास्तर. ते का त्यानं घरून आणायचं?” एवढं बोलून त्या लावणीसाठी रोपं उपटायला गेल्यासुद्धा!

मी हसत तिथेच उभा राहिलो. वाटलं, पावसाची नुसती वाट काय बघायची? चार बोटं आपणही पुढं सरकावं.

दुपारी पाहिलं, तर म्हातारीच्या घोट्यांना पाणी लागलेलं. वर डोंगरात पाऊस झाला असेल, असं शहाणे म्हणतील. मला विचाराल तर नदी ओशाळली.