मागून येणाऱ्यासाठी उघडं दार

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच टेकडीच्या जागी पत्रकं वाटत होते. त्यांची म्हणजे त्यांनी घेतलेली. अरुणकाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, इंदूरच्या एका सरकारी कचेरीत अधिकारी होते. वाढत्या शहरासाठी शेतं घ्यायची, नकाशे आखायचे, प्लॉट पाडायचे हे त्यांचं काम. आणि ते अडवणं हे माझं. "या लीडरबाई, आज कुणाचा मुर्दाबाद?" असं म्हणत ते स्वतः चहा टाकायचे. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ते याच जमिनीच्या सुनावणीत माझ्या बाजूनं बोलणार होते... तेवढंच राहिलं.

शहराच्या कडेच्या त्या टेकडीवर शेंदूर लावलेला दगड होता. भेरूजी, गावाचा राखणदार. गावानं जमीन दिली, पण देव हलवायचा तर रीतीनं, अशी अट घातली. जमीन ज्यानं घेतली त्यानंच नारळ फोडून 'चलिए महाराज' म्हणायचं, पुढे चालायचं आणि नव्या जागी पोचेपर्यंत मागे बघायचं नाही. तो मागून येतो. जागेवर 'बिराजिए' म्हटलं की झालं. काकांना ही निव्वळ फॉर्मॅलिटी वाटली. टेकडीखालचा एक कोपरा त्यांनी स्वतः नकाशात देवासाठी मोकळा सोडला होता. बोलावणं करून ते खाली उतरले तर कोपऱ्याला तारेचं कुंपण. वरच्या साहेबांनी मधल्यामध्ये त्याचा प्लॉट करून टाकला होता. 'बिराजिए' म्हणायला जागाच नव्हती. काका मागे न बघता तसेच घरी आले. पुढे टेकडी कापून सपाट केली, वसाहतीच्या नावात मात्र 'हिल' ठेवलं. याला आपल्याकडे विकास म्हणतात.

त्यानंतर काका कधीच वळून बघत नसत. मागून हाक मारली तर थांबायचे, मान फिरवायचे नाहीत. तुकोगंजच्या फ्लॅटमध्ये शिरले की दार उघडं ठेवायचे, चपला काढून जरा बाजूला उभे राहायचे आणि मगच लोटायचे. ऑफिसातले हसायचे, "क्यों भिया, पीछे सवारी आ रही है क्या?" मीही हसायचे, जिन्यातलं कुत्रं नीट बघेपर्यंत. काका चढायला लागले की ते उठून भिंतीला चिकटायचं. काका वर पोचले तरी तसंच उभं... मग कुणीतरी जवळून गेल्यासारखी मान फिरवायचं आणि बसायचं.

एकदा वैतागून म्हटलं, "काका, तुम्ही बीएस्सी आहात."

"हो ना. पण बोलावलंय मी."

"अहो, दगड मलब्यात गेला."

"दगडाला कुठे बोलावलं होतं गं?" मग कप खाली ठेवून म्हणाले, "पाहुणा बोलवायचा न् बसायला द्यायचं नाही, ये अपने यहाँ नहीं होता. सांगतो मी सुनावणीत. कोपरा मोकळा होता, मीच आखला होता."

हे सांगू शकणारा तो एकच माणूस होता.

स्मशानातूनही मागे न बघताच परतायचं असतं. आम्ही सगळे तसेच जिना चढलो. माझा चुलतभाऊ मंदार दार लावायला गेला, तर काकू शांतपणे म्हणाली, "थांब रे. यायचंय अजून." मंदार दार सोडून बाजूला उभा राहिला.

तेराव्यानंतर निघाले तेव्हा काकूनं मला उंबऱ्याशी अडवलं. "बोलावणारा गेला. त्यानं इथे कुठवर ताटकळायचं? तू घेऊन जा." अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं छापणारी मी. तरी घराकडे पाठ फिरवून म्हटलं, "चलिए महाराज," आणि उतरायला लागले. कुत्रं उठलं, भिंतीला चिकटलं. मी त्याच्या पुढून गेले, खाली पोचले, फाटक उघडलं... ते परत बसल्याचा आवाज काही आला नाही. वळून बघितलं नाही.

सुनावणी पुढे ढकलली आहे. साक्षीदार उरला नाही, म्हणून प्रकरण थंड पडेल असं साहेबांना वाटतंय. वाटू दे. कोपरा मोकळा होता हे मी सांगणार आहे, आणि त्या खोलीत शिरताना दार मागे उघडं ठेवणार आहे. जरा वेळ कुणी लावू नये.