आज फळांच्या गाडीत झोपायचं नाही

पदनाम : साहाय्यक, शीतमाल विभाग, हवाई मालवाहतूक. लिंग : स्त्री. बांधा : मध्यम. कर्तव्य : परदेशी जाणाऱ्या गोठवलेल्या मालाभोवती कोरडा बर्फ भरणे व तशी सूचना सर्व संबंधितांना तोंडी देणे. वर्तणूक : समाधानकारक. सहकाऱ्यांशी संबंध : सौहार्दाचे.

हे शेवटचं कलम लिहिणारा अधिकारी शेडमध्ये कधी उतरला नसावा. शेडमध्ये या साहाय्यकाला सगळे मावशी म्हणत, आणि मावशी एका सहकाऱ्याशी उन्हाळा लागल्यापासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. तो सहकारी त्यांचा जावई होता.

त्याला तिथं चिकटवलं होतं मावशींनीच. विमानात चढणाऱ्या खोक्यांच्या ढिगावर जाळं ताणून बांधायचं, हे त्याचं काम. हात चांगला, तोंड मोकळं. मावशींना नात झाली तेव्हा त्या कामावरून तडक बाळाला बघायला गेल्या. उचलायला हात पुढे केले, तर जावई हसत म्हणाला, "आई, आधी हात शेकून घ्या हो. पोर गोठायची!" खोलीतले सगळे हसले. पोटची पोरही हसली. मावशींनी हात मागे घेतले ते घेतलेच.

"गमतीनं म्हणाले गं ते," लेक म्हणाली.

"मीसुद्धा गमतीनंच बोलत नाहीये," मावशी म्हणाल्या.

पण एका छताखाली काम करायचं म्हटल्यावर अबोला धरायलाही तिसरा माणूस लागतो. ती जबाबदारी फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यावर येऊन पडली आणि त्याचं नाव टपाल पडलं. "टपाल, त्यांना म्हणावं जाळं ढिलं आहे." "टपाल, आईंना म्हणावं जाळं ठीक आहे, चष्मा ढिला आहे." दोघं हाकेच्या काय, कुजबुजीच्या अंतरावर उभी असत आणि टपाल मधे उभा राहून मान इकडून तिकडे करत असे. व्यवस्था उत्तम चालली होती. ज्या दुपारची ही गोष्ट आहे, त्या दुपारी टपाल मेव्हणीच्या लग्नाला गेला होता.

त्या दिवशी शेडमधली गोठणखोली बंद पडली. विमानाला उशीर आणि गोठवलेली मासळी दारात. सुपरवायझरनं मासळी फळांच्या गाडीत हलवायला सांगितली. ही थंड गाडी मागच्या बाजूनं माल चढवायच्या धक्क्याला अगदी चिकटून उभी असे. सभोवती रबराची गादी, म्हणजे बाहेरची हवा आत नको. फळं उतरली की गाडी रिकामी, आणि जेवणानंतर हमालांनी तिथं पाठ टेकायची हा शेडचा रिवाज. नियमात बसत नव्हतं. सुपरवायझर मात्र बसत असे. कधी घोरतही असे.

मासळी गाडीत रचली गेली आणि मावशींनी फावड्यानं तिच्याभोवती कोरडा बर्फ ओतला. हा बर्फ वितळून पाणी होत नाही, वायू होतो. त्याला वास नाही. हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो आणि श्वासाची हवा वर ढकलून देतो. बंद जागेत माणसाला छान गुंगी येते. उठायचं तेवढं राहून जातं.

म्हणून मावशींनी सगळ्यांना सांगितलं. वजनकाट्यावरच्याला, हमालांना, गाडीच्या ड्रायव्हरला, वॉचमनला. "आज फळांच्या गाडीत झोपायचं नाही. बर्फ सोडलाय." तेवढ्यात विमानं उभी असतात त्या बाजूनं जावई आत आला. मावशींनी सवयीनं तोंड उघडलं, "टपाल, त्यांना म्हणावं..." आणि मिटलं. मग त्यांनी वजनकाट्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "ज्यांना जीव प्यारा आहे त्यांनी गाडीत जाऊ नये!"

वजनकाट्यानं ऐकून घेतलं. जावयाच्या कानांवर विमानाचा आवाज अडवणारे जाड कानबंद होते.

सांगेल कुणीतरी, असं मावशींनी मनाची समजूत घातली. सांगतील मावशी, अशी बाकीच्यांनी घातली. सासू-जावयाच्या मधे पडून कोणाचं भलं झालंय?

विमान लागलं. सुपरवायझर ओरडला, "मासळी काढा! जाळंवाला कुठाय?"

"मघाशी जेवला," वजनकाट्यावरचा म्हणाला. "आडवा झाला असेल..."

बोलता बोलता त्याची नजर धक्क्याकडे गेली. धक्क्याच्या सरकत्या दाराच्या कडीला कानबंद लटकत होते.

मावशींनी दार कसं ओढलं ते त्यांना आठवत नाही. आत गुडघाभर पांढरं धुकं. पार टोकाला, लाकडी फळ्यांच्या चळतीवर, मालावर घालायची चंदेरी रजई पांघरून जावई पडला होता. एक हात खाली धुक्यात लोंबत होता. मावशींच्या छातीवरची पिवळी डबी, हवा वाईट असली की बोंबलणारी, उंबऱ्यावरच बोंबलायला लागली.

थोरला हमाल आत झेपावला. मावशींनी त्याचा कमरपट्टा धरला.

"सोडा मावशी! मरेल तो!"

"तू गेलास तर दोन होतील. मग तुला काढायला मी, मला काढायला हा वजनकाट्यावरचा. मासळीसारखे रचून ठेवतील आपल्याला."

"अहो, जावई आहे तुमचा!"

"माहितेय मला कोणाचा कोण ते! गाडी पुढे घ्या. ड्रायव्हर! गाडी धक्क्यापासून सोडव!"

ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "गेटपास झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही असं..."

मावशींनी त्याच्या आईचा, आजीचा आणि गेटपासचा एकाच श्वासात उद्धार केला. गाडी हलली. रबराची गादी सुटली आणि उतू गेलेल्या दुधासारखं धुकं गाडीच्या कडेवरून खाली, उन्हात सांडायला लागलं. कुणीतरी फरशी वाळवायचा मोठा पंखा ढकलत आणला. मावशींनी डबी झाडूच्या दांड्याला बांधून आत धरली. डबी बोंबलत होती. आणि ती बोंबलतेय तोवर कुणालाही आत जाऊ द्यायचं नव्हतं, त्यांना स्वतःलाही.

वाट बघणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. हमाल शिव्या देत होता. मावशी ऐकत नव्हत्या. त्या आत बघून ओरडत होत्या. "अहो, ऐकताय का? उठा! घरी लेक लहान आहे तुमची. उठा म्हणते ना! अरे मेल्या, ऊठ! कधी तरी माझं ऐक!" डबी बोंबलली, अडखळली, पुन्हा बोंबलली. मग गप्प झाली.

हमाल आणि मावशी एकदमच शिरले. चळत उंच होती म्हणून त्याचं डोकं धुक्याच्या वर राहिलं होतं, जेमतेम. ओढत बाहेर आणून तापलेल्या सिमेंटवर निजवलं. ओठ निळसर, श्वास चालू आहे की नाही याबद्दल दोन मतं. मावशींनी दोन्ही गालांवर चपराका मारल्या, सासूला शोभणार नाहीत अशा. त्याची छाती एकदम फुगली आणि तो खोकला.

डोळे उघडल्यावर तो पुटपुटला, "मला कुणी सांगितलं नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. हमाल म्हणाला, "अरे, तुला वाटलं असेल तसं, पण..."

"त्याचं बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांना सांगितलं. याला मी सांगितलं नाही."

त्यावर जावई कुशीवर वळला आणि मावशींच्या बुटांवर ओकला. आपल्यासारखं तोंड फिरवून त्यानं वजनकाट्याकडे केलं नाही, एवढं मावशींच्या लक्षात आलं. मग रुग्णवाहिका येऊन त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

चौकशी झाली. अहवालात म्हटलं आहे की सदर घटना सूचनेच्या देवाणघेवाणीतील तात्पुरत्या अडथळ्यामुळे उद्भवली; अडथळ्याचे निवारण करण्यात आले असून संबंधित दोन्ही कर्मचाऱ्यांत प्रत्यक्ष व सुरळीत संवाद प्रस्थापित झाला आहे.

दोघं रोज भांडतात.