डाव्या कानाचं यंत्र

"वरडू नगा. सरळ बोला."

कुंभारीच्या आमच्या कॉलनीत हे वाक्य ज्यानं आमच्या शेजारच्या काकांकडून ऐकलं नाही असा माणूस नसेल. हात वर करून ते समोरच्याला थांबवायचे आणि मग डावा कान पुढे करायचे. तुम्हीही कधी निरखून पाहा. कमी ऐकू येणाऱ्याशी आपण नुसते मोठ्यानं बोलत नाही, तो अडाणी असल्यासारखे बोलतो. त्यांचा राग त्यावर होता, आणि तो अगदी रास्त होता.

ते मूळचे मोहोळकडचे. उमेदीत सोलापुरात यंत्रमागावर आले आणि बिघडलेले माग दुरुस्त करणारे जॉबर म्हणून निवृत्त झाले. मागांच्या खडखडाटात उजवा कान पूर्ण गेला, डावा निम्मा उरला. मुलीनं त्यांना बिनवायरचे इअरबड आणून दिले आणि फोनमध्ये काहीतरी करून दिलं. फोन बोलणाऱ्याजवळ ठेवला की त्याचा आवाज थेट यांच्या कानात. उजवा बड त्यांनी पहिल्याच दिवशी डबीत कायमचा ठेवून दिला. "मेलेल्या कानाला दागिना कशाला?"

मग एकदा डाव्यानंही संप केला. डबीत ठेवला तरी चार्ज होईना. आणि रविवारी सोसायटीची सभा होती.

सभेचं महत्त्व सांगायला हवं. कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. तिथं मुलं खेळतात, बायका कुरडया वाळवतात. त्या जागेवर मंगल कार्यालय बांधायचं अध्यक्षांनी ठरवलं होतं. बांधणार त्यांचा मेहुणा. अध्यक्षांची पद्धत अशी, की स्वतःच्या कार्याचा आढावा ते माइकवरून घ्यायचे आणि मुद्द्याचा ठराव माइक बाजूला सारून पुटपुटायचे. मागच्या सभेत, बड घरी विसरल्यामुळे, आमच्या जॉबरांनी चार जणांचे हात वर गेलेले बघून आपलाही हात वर केला होता. टाकी धुण्याचा विषय असेल असं त्यांना वाटलं. तो अध्यक्षांच्या नागरी सत्काराचा ठराव होता. लोक हसले. ते हसणं त्यांना ऐकू आलं नाही, पण दिसलं.

"ह्या बारीला मला समदं ऐकायचंय," ते म्हणाले. मी त्यांना घेऊन निघालो.

आधी आम्ही काचेच्या दाराच्या अधिकृत दुकानात गेलो. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या गृहस्थांनी डबी दोन बोटांत धरून पाहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अंकलना सांगा, हे रिपेअर होत नाही, रिप्लेस होतं."

"अंकल हितंच हाय," जॉबर म्हणाले. "अंकलला सांगा."

गृहस्थांनी पुन्हा मलाच सांगितलं. आता थोडं मोठ्यानं. पुढे काय झालं ते लिहीत नाही. एवढंच, की रखवालदार आत आला आणि आम्ही बाहेर आलो.

नवी पेठेत एका जिन्याखाली मोबाइल दुरुस्त करणारा बसतो. त्यानं डबी उघडली, नाकाला लावली आणि वर पाहिलं. "चचा, इसमें तेल कायकू डाले?"

मी जॉबरांकडे पाहिलं. त्यांनी अजिबात नजर चुकवली नाही. मशीन अडलं की तेल सोडायचं, हे त्यांनी जन्मभर केलं होतं. डबीच्या पिनांवर त्यांनी शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. एकदा नव्हे, रोज सकाळी. वर बंडीच्या खिशातलं सूत त्यात चिकटून लगदा झाला होता. अधिकृत दुकानातल्या वातानुकूलित नाकाला हा वास आला नव्हता, किंवा वास घेणं हे त्यांच्या नोकरीत बसत नसावं.

दुकानदारानं लगदा सुईनं उकरला, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन पिना पुसल्या, बड आत ठेवला. दिवा लागला.

"आता तेल नको," मी म्हणालो.

"तेल कमी पडलं आसंल," ते म्हणाले.

रविवारी ते पहिल्या रांगेत बसले. अध्यक्षांनी माइक बाजूला सारताच हे उठले, फोन त्यांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला आणि जागेवर येऊन बसले. अध्यक्षांनी फोनकडे पाहिलं, मग सचिवांकडे. सगळं रेकॉर्ड होतंय असा त्यांचा समज झाला. तो दूर करण्याची कोणालाच घाई नव्हती, मला तर मुळीच नाही.

"काका, हे कशाला?" अध्यक्ष म्हणाले.

"मी ऐकतूय. बोला."

अध्यक्ष घाम पुसत म्हणाले की हा विषय अधिक अभ्यासासाठी पुढच्या सभेत घेऊ. परतताना जॉबर रस्ताभर चिडलेले. "एवढं यंत्र नीट करून नेलं, आन् बोललाच न्हाई की त्यो!"

पुढची सभा व्हायच्या आत जॉबर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

त्या सभेत अध्यक्षांनी त्यांच्यासाठी सगळ्यांना उभं केलं. जिवंत असताना ज्याला ऐकू जाईल असं कधी बोलले नाहीत, त्याच्यासाठी दोन मिनिटं गप्प राहिले. मग माइक जवळ ओढून, खणखणीत आवाजात, ठराव मांडला: मोकळ्या जागेवर मंगल कार्यालय, आणि त्याला दिवंगतांचं नाव. टाळ्या झाल्या. मेलेल्या माणसाच्या नावाविरुद्ध हात कोण वर करणार? मी केला. आणखी तिघांनी केला. सचिवांनी मोजलेच नाहीत.

जॉबरांच्या पत्नी, आमच्या काकू, मागच्या बाजूला बसल्या होत्या. त्या उठल्या. "त्येंचं नाव नगं लावू," त्या म्हणाल्या. "त्येस्नी ती जागा मोकळी पायजे हुती."

"काकू भावुक झाल्यात," अध्यक्ष माइकवर म्हणाले आणि त्यांनी सचिवांना खूण केली. शाल आणि नारळ तयारच होते. फोटोसाठी काकूंना पुढे नेलं, शाल खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला.

काकूंनी फोटो होऊ दिला. मग शाल उतरवली, नीट घडी घातली, अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला आणि मोकळ्या जागेतून चालत घरी गेल्या.