जे हलत नाही ते मागे

आमच्या गोदामात एक थोर पुरुष आहे. स्टोअरकीपर. कमरेला कायम स्टीलची मोजपट्टी अडकवलेली, म्हणून सगळे त्याला मोजपट्टीच म्हणतात. त्याला राग येत नाही, उलट छाती फुगते. मी तिथल्या हमालांची संघटना चालवतो. म्हणजे मालकाच्या हिशेबी तो आदर्श आणि मी उपद्रव.

गोदाम त्याने सुधारलं, हे मी शत्रू असूनही मान्य करतो. पूर्वी तिथे माल ठेवत नसत, टाकत. पंख्यांची खोकी शोधायला गेलं की बादल्यांचा ढीग अंगावर यायचा. गल्ल्या बुजलेल्या, आणि वरची अर्धी उंची कबुतरांना फुकट दिलेली. मोजपट्टीने छतापर्यंत रॅक चढवले, फोर्कलिफ्ट वळेल एवढ्याच गल्ल्या राखल्या आणि एक नियम लावला: रोज ये-जा करणारा माल दाराजवळ, कधीमधी हलणारा मागे, आणि न हलणारा मागे, वर, जिथे शिडीशिवाय देवाचाही हात पोचायचा नाही. त्याच सपाट्यात दाराजवळचा हमालांचा बाक उचलला गेला, कारण बाक हलत नाही. त्यावरून आमचं जे झालं ते छापण्यासारखं नाही. मालकाने मात्र नवं गोदाम बांधायचा बेत रद्द केला आणि सगळ्यांसमोर याची पाठ थोपटली.

माणसाने अक्कल कामावर चालवावी, कोण नको म्हणतो? हा ती घरी घेऊन गेला.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत अगदी दाराला लागून त्याच्या आईची खाट. म्हातारी गुडघ्यांनी बसलेली, पण तोंडाने चालती. दार सताड उघडं टाकून दिवसभर रस्त्यावर नजर. शेजारणीची सुखदुःखं, पोस्टमनची चौकशी, कोणाची पोरं कोणाशी भांडली, सगळं तिच्याकडे जमा. एका सुट्टीच्या दिवशी मोजपट्टीने घर मोजायला काढलं.

"दाराजवळची जागा म्हणजे सोनं," तो बायकोला म्हणाला. "आणि तिथे आपण ठेवलंय काय?"

"तुमची आई," बायको म्हणाली.

"तेच म्हणतोय. चपला रोज बाहेर जातात, दप्तर जातं, सायकल जाते. ती सगळी आत कोंबलेली. आणि आई? दिवसभरात जागची हलते तरी का?"

"मग तुम्ही सुट्टीला घरी असता तेव्हा तुम्हाला कुठे रचू, तेही मोजून ठेवा."

पण ऐकतोय कोण! संध्याकाळपर्यंत दाराशी चपलांचा स्टँड आणि सायकल विराजमान झाली, आणि खाट गेली मागच्या खोलीत, ट्रंका नि बिघडलेल्या कूलरच्या संगतीला. तिथे एक खिडकी होती. पण खिडकीसमोर रिकामी जागा सोडणं हे याच्या लेखी पापच, म्हणून तिथे छातीएवढी खोकी. म्हातारी एवढंच म्हणाली, "तुझी सोय होत असेल तर होऊ दे, बाळा."

आता राखणीला कोणी नाही म्हटल्यावर पुढचं दार बंद राहू लागलं. लॅचचं दार, किल्ली एकच. आजवर दिवसा ते कधी लागलंच नव्हतं. गॅसवाला कडी वाजवून सिलिंडरसकट परत गेला. मुलगी शाळेतून येऊन पायरीवर ताटकळली; आजी गुडघे सावरत दारापर्यंत पोचेतो पोरगी रडकुंडीला आलेली. बायको कामावरून आली ती भडकूनच.

"नवी पद्धत आहे, बसायला वेळ लागतो," मोजपट्टी म्हणाला.

"ती बसेपर्यंत आम्ही उभंच राहायचं का?"

मी त्याच्या घरी गेलो तो बाकाचं भांडण पुढे चालवायला. तो घरी नव्हता. वहिनींनी मला मागे नेलं. दिवसाढवळ्या तिथे दिवा लावलेला. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तोंडाचा पट्टा बंद असलेली म्हातारी मी पहिल्यांदाच पाहिली.

"काय आजी, मुक्काम हलवला?"

"हलवला नाही रे, ठेवून दिलीय मला." मग उठून बसली. "पण माल असते तर बरं होतं. वर्षातून एकदा मोजायला तरी कोणी आलं असतं."

माझं डोकं फिरलं. उद्याच्या उद्या सगळे हमाल घेऊन याच्या दारात बसतो म्हणालो.

"तुझा मोर्चा ठेव तुझ्यापाशी," म्हातारी म्हणाली. "एवढा दांडगा आहेस, ती खोकी तेवढी काढ."

वहिनी आणि मी खोकी काढली. खिडकी उघडली तर बाहेर मागची गल्ली, नळ आणि नळावर अर्धी वस्ती.

"अगं बाई, म्हातारी जिवंत आहे!" नळावरची एक ओरडली.

"तुझ्या मुलीचं लग्न ठरलं का ते कळल्याशिवाय कशी मरेन?"

मग काय विचारता! महिन्याभरात सगळा कारभार खिडकीतून सुरू झाला. घराची किल्ली म्हातारीच्या उशाशी. ज्याला आत जायचं असेल त्याने मागून यावं आणि गजांतून ती मागून घ्यावी. शेजाऱ्यांनीही आपापल्या किल्ल्या तिथेच आणून टाकल्या. गॅसवाला आधी गल्लीत येई. पुढच्या दाराशी चपलांचा स्टँड तेवढा एकटा, आणि रिकामा, कारण माणसं आता चपला खिडकीखालीच काढून गप्पा मारत.

मोजपट्टीच्या ते ध्यानात यायला वेळ लागला. आलं तेव्हा तो आईसमोर उभा राहिला. "आई, तुझी खाट परत दाराशी घेऊ या. मला वाटलं होतं तू हलत नाहीस, म्हणून... चुकलंच माझं."

"दाराशी?" म्हातारीने खिडकीतून हात बाहेर काढून कोणाला तरी थांब म्हणून खुणावलं. "तिथे आता कोण येतं रे?"

"म्हणजे तू येणार नाहीस?"

"मी इथे बरी आहे. पण तू एक कर. त्या ट्रंका आणि कूलर पुढे ने, मला पाय पसरता येत नाहीत."

परवा मी त्या गल्लीतून चाललो होतो. मोजपट्टी कामावरून आला होता, दार बंद, म्हणून खिडकीखाली उभा. त्याच्यापुढे शेजारीण, तिच्यापुढे नळावरची.

"आई, किल्ली दे गं."

"थांब जरा," आतून आवाज आला. "या आधीच्या आहेत."

मोजपट्टीने माझ्याकडे पाहिलं आणि तो रांगेत मागे सरकला.